प्रमाणाबाहेर

"आरोही मॉम, पाच मिनिटं आहेत?"

मी कप्प्यात आरोहीचा दुसरा मोजा शोधत होते. एक पायात होता. दुसरा रोज हरवतो आणि रोज दुसऱ्याच कुणाच्या कप्प्यात सापडतो. संध्याकाळचे पाच वीस झाले होते. डेकेअरच्या इन्फंट रूमच्या दाराशी आणखी दोन बाळांच्या आया गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन उभ्या होत्या. बाळांना सांभाळणाऱ्या मिस जेनने त्यांना पुढे जाऊ दिलं, एप्रनच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला, कप्प्यावर ठेवून तळहाताने सरळ केला आणि एका शब्दाखाली बोट ठेवलं.

"हा शब्द. शुक्रवारी सही करायची आहे. कळल्याशिवाय सही नाही करत मी."

शब्द होता 'अनड्यूली'.

तो आजूबाजूच्या वाक्यासकट माझा होता.

दोन आठवड्यांपूर्वी डेकेअरने सगळ्या पालकांना वार्षिक फॉर्म पाठवला होता. त्यात नाव घालायचं नव्हतं. सगळीकडे पाच तारे दिले आणि शेवटच्या 'सूचना' या चौकटीशी आले, तेव्हा माझ्या डाव्या खांद्यावर आरोही होती आणि मी उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करत होते. तिला खाली ठेवलं की ती उठायची. माझा नवरा मिहीर सोमवार ते गुरुवार मिनिअ‍ॅपोलिसला क्लायंटकडे, मी घरून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करणारी. दोन महिने मी पोरीला खांद्यावर घेऊनच जेवत होते, रात्रीच्या मीटिंग करत होते, दात घासत होते. मी लिहिलं की आम्ही अत्यंत समाधानी आहोत, फक्त एक नम्र विनंती. मिस जेन आरोहीला अनड्यूली, म्हणजे प्रमाणाबाहेर, कडेवर घेतात, त्यामुळे मूल घरी क्रिबमध्ये झोपत नाही. तरी कृपया योग्य ती कार्यवाही करावी.

हे मी बाबांकडून शिकले. बाबा नागपूरला वीज मंडळात क्लार्क होते आणि आमच्या कॉलनीतले सगळे अर्ज तेच लिहायचे, मराठीतले आणि इंग्रजीतलेही. नळाला पाणी कमी येतं असं ते कधी लिहायचे नाहीत. 'पाणीपुरवठ्यात अवाजवी कपात' असं लिहायचे. सरळ लिहिलं की साहेबाला वाटतं भांडायला आलाय, असं त्यांचं म्हणणं. आणि शेवटी 'योग्य ती कार्यवाही व्हावी' हवंच, नाहीतर अर्ज उघडा दिसतो. मी त्यांच्या शेजारी बसून असे पन्नास तरी अर्ज कोऱ्या कागदावर उतरवून काढले असतील. कार्यवाही झालेली एकदाही आठवत नाही. ते वाक्य कार्यवाहीसाठी नसतंच मुळी. नमस्कारासारखं असतं ते.

इथे टेक्सासमध्ये, प्लेनोच्या डेकेअरमध्ये ते कुणीतरी वाचलं. आणि कार्यवाही केली.

कागदाच्या वर 'लेखी समज, पहिली' असं छापलेलं होतं. दुसरी मिळाली तर इन्फंट रूममधून काढण्यात येईल, हेही. माझं वाक्य अवतरणचिन्हांत होतं. आरोहीच्या नावाच्या जागी 'एक दहा महिन्यांची मुलगी' केलं होतं.

"मी... आत्ता घाईत आहे," मी म्हणाले. "बुधवारी लंचमध्ये येऊ का? नीट सांगते."

"बुधवार चांगला," ती म्हणाली. तिने कागदाच्या पुन्हा चार घड्या केल्या. मग आरोहीचा मोजा स्वतःच्या दुसऱ्या खिशातून काढून माझ्या हातात दिला.

तिचं खरं नाव लुओ ग्वेइझन. डेकेअरमध्ये ते कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून पहिल्याच दिवशी तिच्या छातीवर 'मिस जेन' अशी पट्टी लागली. वय त्रेसष्ट. उंची माझ्या खांद्याइतकी. मुलगा पूर्वी इथे नोकरीला होता, तेव्हा नातवाला सांभाळायला म्हणून ती चीनमधून आली. मग मुलाची नोकरी सिअ‍ॅटलला गेली, नातू हायस्कूलला गेला. "तिकडे आजी लागत नाही आता. इथे आठ जणांना लागते," असं एकदा तिने मला सांगितलं होतं. लाइट रेलच्या शेवटच्या स्टेशनाजवळ एका चिनी कुटुंबाच्या घरात तिने एक खोली घेतली होती. सकाळी सव्वासहाच्या बसने ती यायची. प्लेनोमध्ये बसने कामावर येणारं दुसरं माणूस माझ्या तरी ओळखीचं नाही.

आम्ही इंग्रजीतच बोलायचो. तिचं तुटक, माझं अर्जासारखं.

मिहीरला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. तो हॉटेलमध्ये काहीतरी डब्यातलं खात होता.

"अगं, मग सांगू नकोस ना. अनॉनिमस आहे तो फॉर्म."

"आणि तिची नोकरी?"

"एका वॉर्निंगने कुणाची नोकरी जात नाही. आणि तू कम्प्लेंट नाही केलीस यार, फीडबॅक दिलास."

"'योग्य ती कार्यवाही करावी' असं लिहिलं मी."

तो खाताखाता थांबला. "इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

"धन्य आहेस. तुझ्या बाबांचं ड्राफ्टिंग टेक्सासपर्यंत आलं." तो हसला. मग हसणं आवरून म्हणाला, "हे बघ, पोरगी रोज नऊ तास तिच्याकडे असते. उगीच तिच्या डोक्यात काही बसायला नको. जरा विचार कर."

मी त्याला म्हटलं की असं बोलू नकोस. पण तो बोलायच्या आधी हाच विचार माझ्या डोक्यात येऊन गेला होता आणि त्याची मला लाज वाटत होती.

मंगळवारी सकाळी मी ऑफिसमध्ये गेले. डेकेअर चालवणाऱ्या मिस डॅनाच्या टेबलावर भोपळ्याच्या आकाराची चॉकलेटं होती. ती तिने माझ्याकडे सरकवली.

"ते वाक्य तक्रार नव्हती," मी म्हणाले. "आमच्याकडे असं लिहितात."

"स्वीटी, आरोहीचं नाव वाचून मला कळलंच की ते तुम्ही आहात," ती म्हणाली. "पण एका पालकाने लेखी दिलं की मला नोंद करावीच लागते. लायसन्सवाले येऊन फाइल बघतात. तुम्ही कार्यवाही मागितलीत. मी केली नसती तर उद्या तुम्हीच विचारलं असतंत."

"मी नसतं विचारलं."

"ते मला कसं कळणार?"

ती वाईट बाई नाही. तिने मला मार्गही सांगितला. मी सहीनिशी पत्र द्यायचं की ती तक्रार नव्हती, मग ती समज फाइलमधून काढता येईल. पत्राची एक प्रत मिस जेनला जाईल, कारण नियमच तसा आहे.

"म्हणजे तिला कळणार."

"हो. तिला कळणार." मिस डॅनाने चॉकलेटं आणखी थोडी पुढे ढकलली. "शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

मी एक चॉकलेट उचललं आणि घरी येऊन सगळा दिवस ते पत्र लिहिलं नाही.

बुधवारी साडेबाराला मी पोचले. एक वाजता मीटिंग होती. डेकेअरच्या मागे, कुंपण आणि कचऱ्याचे मोठे डबे यांच्यामध्ये प्लास्टिकचं एक टेबल आहे. तिथे डेकेअरमधल्या बायका जेवतात. ऑक्टोबर अर्धा संपला होता तरी ऊन रणरणत होतं. मिस जेनचा डबा खाऊन झाला होता. तिच्यासमोर गरम पाण्याची बाटली, एक वही आणि चष्मा ठेवलेला फोन होता.

"मी अभ्यास केला," ती म्हणाली.

फोनवर चिनी लोकांना इंग्रजी शिकवणारं एक पान होतं. वर तो शब्द, खाली चिनी अक्षरं, त्याखाली उदाहरणं. उदाहरणं तिने वहीत उतरवून घेतली होती, मोठ्या, सुट्या अक्षरांत. तिने एकेक वाचलं.

"डॉक्टर म्हणतो, अनड्यूली काळजी करू नका. हे चांगलं वाक्य. पेशंटला बरं वाटतं. मग दुसरं, शिक्षा अनड्यूली कडक होती. हे पण त्या माणसाच्या बाजूचं. सगळी वाक्यं दयाळू आहेत. माझंच का नाही?"

मी वही माझ्याकडे ओढली. चारही वाक्यं तिने बरोबर उतरवली होती, स्वल्पविरामांसकट.

"शेवटी लिहिलंय, फॉर्मल," ती म्हणाली. "बोलताना वापरत नाहीत. मग कधी वापरतात?"

"लिहिताना."

"राग आला की?"

"नाही. उलट. राग दिसू नये म्हणून."

तिने मान हलवली आणि ते वहीत चिनीत लिहून घेतलं. ती काय लिहितेय ते मला वाचता येत नव्हतं, पण तिने बराच वेळ घेतला.

"आमच्याकडे ग्वो-तू," ती म्हणाली आणि फोनवरच्या दोन चिनी अक्षरांवर तिने बोट फिरवलं. "ग्वो म्हणजे ओलांडणं. रस्ता ओलांडतो, तेच. तू म्हणजे माप. माप ओलांडलं." तिने तर्जनी उभी केली आणि दुसऱ्या हाताच्या नखाने पहिल्या पेरावर रेघ ओढली. "भात लावते. तांदळावर बोट ठेवते. पाणी इथपर्यंत, बरोबर. इथपर्यंत," तिने नख वर सरकवलं, "अनड्यूली?"

"अनड्यूली," मी म्हणाले आणि हसायला आलं. "माझी आई पण असंच मोजते. बोटाच्या पेराने."

"खरंच? इंडियात?"

"हो. आणि ती पण कधी कप वापरत नाही."

"कप खोटा असतो," ती म्हणाली. आम्ही दोघी थोडा वेळ भाताबद्दल बोललो. जुन्या तांदळाला पाणी जास्त लागतं हेही दोघींना ठाऊक होतं. घड्याळात बारा बेचाळीस झाले.

मग तिने बोट खाली घेतलं. "तांदळाला पेर आहे. बाळाला पेर कुठे?"

मी माझ्याच तर्जनीच्या पेराकडे पाहिलं.

"सूतगिरणीत होते मी, आधी," ती म्हणाली. "गिरणीतल्या बायकांची बाळं, त्यांचं पाळणाघर. चोवीस बाळं आणि आम्ही दोघी. तिथे नियम होता, उचलायचं नाही. एकाला उचललं की सगळी रडतात. दूध पाजा, लंगोट बदला, पुढे जा. पहिल्यापासून चोविसाव्यापर्यंत, मग परत पहिला. माझा मुलगा तिथेच होता. त्याचा नंबर अकरा."

"मग तुम्ही त्याला आधी..."

"अकरावा म्हणजे अकरावा." ती बाटलीचं झाकण फिरवत होती. "फार चांगलं बाळ होतं. रडायचंच नाही. चार महिन्यांचा झाला आणि बंद झालं रडणं. सगळ्या बायका म्हणायच्या, लुओचं बाळ किती चांगलं आहे."

तिने पाण्याचा एक घोट घेतला. आत कुणीतरी मूल रडायला लागलं. तिने कान दिला, मग सोडून दिलं. ते मोठ्या मुलांच्या खोलीतलं होतं.

"इथे चौघांना एक बाई," ती म्हणाली. "हात रिकामे असतात."

मी म्हणाले, "मिस जेन, ते मी लिहिलं."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"सोमवारीच. दहा महिन्यांची मुलगी खोलीत एकच आहे."

"मग मला का विचारलंत?"

तिला हा प्रश्नच कळेना असं दिसलं. "ज्याने लिहिलं त्यालाच माहीत असणार," ती म्हणाली. "मिस डॅनाला विचारलं तर ती तिचा अर्थ सांगेल. फोनमध्ये पुस्तकातला आहे. मला तुझा पाहिजे होता."

मी सॉरी म्हणाले. दोनदा म्हणाले. बाबांचे अर्ज, आमची पद्धत, त्या शेवटच्या वाक्याला काही अर्थ नसतो, हे सगळं सांगू लागले आणि माझ्याच कानांना ते लांबलचक वाटायला लागलं. तिने मला मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर तिने विचारलं, "ती तुझ्याकडे झोपत नाही, हे खरं?"

"हो."

"खाली ठेवलं की उठते?"

"हो."

"मला वाटलंच. तुझ्या चेहऱ्यावर दिसतं." तिने चष्मा काढून पुसला. "तू रोज माझ्यासमोर उभी असतेस. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मोजा शोधतेस. मला सांगायचं होतंस. मी कमी केलं असतं."

इतकंच. आवाजही चढवला नाही. मला मात्र तिने चढवला असता तर बरं झालं असतं असं वाटलं. मी आठ महिन्यांत तिच्याशी हवेबद्दल बोलले होते, डायपरबद्दल, दिवाळी म्हणजे काय त्याबद्दल. थकले आहे, हे एक वाक्य मला तोंडाने सांगता आलं नव्हतं. त्यासाठी मला फॉर्म लागला होता.

"आता लिहिते," ती म्हणाली आणि समजेचा कागद उघडला. खाली 'कर्मचाऱ्याचं म्हणणं' अशी चौकट होती. तिने पेन घेतलं. मी म्हणाले, मी लिहून देऊ का? नको म्हणाली. तिने चार ओळी लिहिल्या. एकेक शब्द थांबून लिहिला आणि मग कागद माझ्याकडे फिरवला. एवढंच होतं, की बाळ रडलं, मी उचललं. आईला त्रास होतो हे मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. खाली तिने सही केली, चिनीत, तीन अक्षरं.

"तो शब्द नाही वापरलात," मी म्हणाले.

"तू सांगितलंस ना, राग दिसू नये म्हणून असतो. माझ्याकडे लपवायला नाही काही." ती उठली, बाटली काखेत घेतली. "तुझी मीटिंग. एक वाजायला पाच मिनिटं."

मी लगेच मीटिंगला गेले नाही. 'फाइव्ह मिनिट्स लेट' असा मेसेज टाकला आणि मिस डॅनाच्या ऑफिसात बसून हाताने पत्र लिहिलं. माझी मुलगी आरोही घरी झोपत नाही, म्हणून मी थकले होते. मिस जेनची काही चूक नाही. तिने माझ्या मुलीला उचलून घेतलेलं मला चालतं. खाली नाव, सही, तारीख. शेवटी काहीही व्हावं असं लिहिलं नाही. पत्र इतकं छोटं झालं की मिस डॅनाने मागची बाजूही उलटून पाहिली.

शुक्रवारी समज फाइलमधून निघाली. मिस जेन इन्फंट रूममध्येच राहिली. मी मिहीरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघ, झालं ना नीट." आणि मलाही आठवडाभर तसंच वाटत होतं.

मग सगळ्या पालकांना ईमेल आला. मुलांना हाताळण्याबद्दल एका पालकाकडून प्रश्न आल्यामुळे खोलीचा नियम आता स्पष्ट करण्यात येत आहे. दूध पाजण्याची वेळ सोडून कोणत्याही बाळाला एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त उचलून घेतलं जाणार नाही. प्रत्येक वेळेची नोंद टॅब्लेटवर होईल आणि ती पालकांना तत्काळ फोनवर दिसेल. नियम आठही बाळांना सारखा.

मी पुन्हा ऑफिसमध्ये गेले. मला नको आहे हा नियम, म्हणाले. मिस डॅना म्हणाली की एका मुलासाठी अपवाद केला तर बाकी सात पालक विचारतील. तिच्या टेबलावर आता चॉकलेटं नव्हती.

"मावशी, मी प्रयत्न केला," मी मिस जेनला दारात सांगितलं. आरोहीने तिला हाक मारावी म्हणून मी घरी 'लुओ मावशी' म्हणायला लागले होते. तिलाही ते कळलं होतं. त्यांच्याकडेही लहान मुलं सांभाळणाऱ्या बाईला मावशीच म्हणतात, असं तिने मला सांगितलं होतं.

"दहा मिनिटं ठीक आहेत," ती म्हणाली. "आता पेर सापडलं." मला तिच्या चेहऱ्यावरून ती थट्टा करतेय की नाही ते ठरवता आलं नाही. तिने आरोहीला घेतलं आणि भिंतीवरच्या टॅब्लेटवर अंगठ्याने वेळ टाकली.

त्यानंतर दिवसातून चारपाच वेळा फोन थरथरायचा. आरोही, उचलून घेतलं, दहा मिनिटं, मिस जेन. कधी आठ मिनिटं. अकरा कधीच नाही. घरी आरोही क्रिबमध्ये झोपू लागली होती. मी दोन्ही हातांनी जेवत होते.

नोव्हेंबरच्या शेवटी तिला वरचे दात यायला लागले. सकाळी अंग किंचित कोमट होतं, पण ताप म्हणावा इतकं नाही. मी तिला सोडलं आणि लुओ मावशीला तोंडाने सांगितलं, "आज किरकिर करेल. दात आहेत." तिने आरोहीच्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली.

दुपारी मी कामाच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये होते. सव्वा वाजता फोन थरथरला. एक पाच ते एक पंधरा, उचलून घेतलं. मी फोन उलटा ठेवला. एक सव्वीसला पुन्हा थरथरला. मग एक सदतीसला. मग परत. कुणीतरी बोलत होतं, मी कॅमेरा बंद केला आणि फोन सुलटा केला.

एक पाच ते एक पंधरा. एक सोळा ते एक सव्वीस. एक सत्तावीस ते एक सदतीस. एक अडतीस ते एक अठ्ठेचाळीस. एक एकोणपन्नास ते एक एकोणसाठ. दोन ते दोन दहा. दोन अकरा ते दोन एकवीस. सगळ्यांपुढे मिस जेन.

सात नोंदी, एकही अकरा मिनिटांची नाही. मध्ये एकेक मिनिट. तेवढ्या मिनिटात ती वाकून आरोहीला क्रिबमध्ये ठेवत असणार, टॅब्लेटपर्यंत जाऊन वेळ टाकत असणार आणि परत येऊन पुन्हा वाकत असणार, त्या त्रेसष्ट वर्षांच्या गुडघ्यांवर. आणि तेवढं एक मिनिट आरोही रडत असणार.

"रेणू, आर यू देअर? टेस्ट केसेस दाखवतेस?"

"हो," मी चुकून मराठीत म्हणाले. मग कॅमेरा सुरू केला आणि स्क्रीन शेअर केली.

दोन बत्तीसला फोन पुन्हा थरथरला.